धंद्यासाठी अनुदानासह कर्ज देणाऱ्या पीएमईजीपी (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) या केंद्राच्या योजनेच्या नावाने माझे ८४,०९९ रुपये फसवणुकीत गेले. मंजुरीचं पत्र आलं असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा

रक्कम आधी सांगते, म्हणजे पुढचं कुणी वरवर वाचणार नाही. २,९९९ नोंदणीचे, ४,५०० प्रोजेक्ट रिपोर्टचे, ४०,००० स्वहिश्श्याचे, ११,४०० हमी शुल्काचे आणि २५,२०० सबसिडीवरच्या 'कराचे'. एकूण ८४,०९९ रुपये. यातले चाळीस हजार बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी उचललेले आहेत, त्यांची परतफेड अजून चालू आहे. घरात हे सांगताना जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

ओटीपी मागणारे, लॉटरी लागली म्हणणारे, वीज तोडतो म्हणून धमकावणारे, या सगळ्यांचे फोन मी आजवर कापत आले. मला फसवणारा माणूस त्यांच्यासारखा नव्हता. त्याने ओटीपी मागितला नाही, कुठलं अॅप घ्यायला लावलं नाही, घाई केली नाही. तो मला योजना समजावून सांगत होता, आणि बहुतेक सगळं बरोबर सांगत होता. संताप येतो तो याचाच.

मला मसाल्याचं युनिट टाकायचं होतं. पल्व्हरायझर, भाजणी यंत्र, पॅकिंग मशीन, शेडची डागडुजी आणि खेळतं भांडवल धरून आठ लाखांचा प्रकल्प. ग्रामपंचायत हद्दीत युनिट टाकणाऱ्या महिलेला प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात पस्तीस टक्के अनुदान मिळतं, म्हणजे माझ्या प्रकल्पाला २,८०,००० रुपये. स्वतःचे पाच टक्के घालायचे, म्हणजे ४०,०००. उरलेल्या ७,६०,००० चं कर्ज बँक मंजूर करते, अनुदान मागाहून त्यातच वळतं होतं. हे आकडे मला उद्योजकता शिबिरातच कळले होते. अडाणीपणाने फसले असं जे म्हणतात त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे.

शिबिरातून उठून मी सरळ बँकेत गेले होते. साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "या वर्षीचं टार्गेट झालंय, मार्चनंतर या." मार्चनंतर गेले तर साहेब बदललेले, आणि नव्यांना योजनेचं नाव काढलेलंच आवडेना. "अनुदानाची कर्जं बुडतात हो सगळी." मी आजवर बचत गटाचा एक हप्ता चुकवलेला नाही, पण ते विचारतो कोण?

तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तरी करून ठेवावी म्हणून मी मोबाइलवर शोधलं. पहिल्याच जागी जी वेबसाइट आली तिच्यावर तिरंग्याच्या पट्ट्या, 'एमएसएमई' अशी ठळक अक्षरं आणि आधार-पॅनचा फॉर्म. फॉर्म भरला, शेवटी २,९९९ रुपये मागितले, भरले. प्रमाणपत्रही आलं आणि ते खरं होतं! त्यांनी माझीच माहिती खऱ्या सरकारी पोर्टलवर भरून ते काढलं होतं. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण मोफत आहे. एक रुपयाही लागत नाही. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर ती उद्यमची सरकारी साइट नाही. शोधात सगळ्यात वर दिसणारी गोष्ट बऱ्याचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, तिच्याजवळ बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. पैसे गेले ते गेलेच, पण त्या फॉर्ममध्ये मी नाव, गाव, मोबाइल, आधार, पॅन, कुठला धंदा, किती गुंतवणूक, सगळं लिहून दिलं होतं.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. "ताई, तुमच्या मसाला युनिटच्या प्रस्तावाबद्दल बोलतोय, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाकडून." आता सांगा, गावातल्या शेजारणीलाही ज्या प्रस्तावाचा पत्ता नाही तो याला कसा माहीत? सरकारी माणूसच असणार, असंच कुणालाही वाटेल. खादी आयोग ही या योजनेची केंद्रीय यंत्रणा आहे हेही खरंच आहे. व्हॉट्सअॅपवर राजमुद्रेचा फोटो, बोलणं शुद्ध, आदबीचं. मशीनचं कोटेशन कसं मागायचं, जागेचा उतारा कुठला लागतो, जातीचा दाखला लागेल की महिला म्हणून भागेल, सगळं त्याने नीट सांगितलं. खऱ्या साहेबांनी मला पाच मिनिटं दिली नव्हती, हा रात्री आठला फोन केला तरी उचलायचा.

प्रोजेक्ट रिपोर्टचे ४,५०० मला जास्त वाटलेच नाहीत, तालुक्यात सीए त्याहून जास्त घेतात. मग मंजुरीचं पत्र आलं. माझं नाव, प्रकल्पाचं नाव, आकडे बिनचूक, बँकेचा शिक्का. पत्रावरची तारीख दुसऱ्या शनिवारची होती. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात हे मला काय, शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण हातात आठ लाखांचं पत्र असताना वार कोण बघतो?

मग ४०,००० स्वहिस्सा. आकडा योजनेतलाच, पै न पै बरोबर. यूपीआयवर नंबर टाकला तर समोर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. मी विचारलं. तो म्हणाला, नोडल बँकेचं कलेक्शन खातं आहे, आउटसोर्स केलंय. आज कुठल्या सरकारी कामात आउटसोर्सिंग नाही, सांगा मला? वीजबिलापासून आधार केंद्रापर्यंत सगळीकडे कंत्राटी माणसंच बसलेली असतात. खरी गोष्ट अशी की स्वहिस्सा कर्ज मंजूर झाल्यावर तुमच्याच शाखेत, तुमच्याच कर्जाच्या हिशेबात भरायचा असतो. तो तिसऱ्या कुणाच्या खात्यात जातच नाही.

११,४०० रुपये हमी शुल्क, सीजीटीएमएसई या कर्जहमी देणाऱ्या ट्रस्टचं. हीही योजना खरी. छोट्या उद्योगाच्या बिनतारण कर्जाला तो ट्रस्ट हमी देतो आणि त्याचं शुल्क असतं. त्याने ७,६०,००० वर दीड टक्का लावून दाखवला. मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिला, बरोबर आला. पण ते शुल्क ट्रस्टकडे बँक भरते आणि तुमच्याकडून घ्यायचं असेल तर कर्जखात्यातून घेते. फोनवर मागत नाही.

आता तो क्षण, ज्याच्यामुळे मला अजून झोप लागत नाही.

शेवटी तो म्हणाला, "ताई, तुमची सबसिडी आधी जमा होतेय, २,८०,००० थेट बचत खात्यात. कर्ज मागाहून." मी म्हटलं, "पण शिबिरात तर सांगितलं होतं की अनुदान तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीत अडकून राहतं." हे मी विचारलं. मी, माझ्या तोंडाने. नियमही तोच आहे: बँक आधी मंजुरी देते, मग कर्जाचा हप्ता सोडते, मग अनुदानाची मागणी करते, आणि आलेली रक्कम तुमच्या नावाने तीन वर्षं ठेवीत राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या रकमेवर व्याज लागतही नाही. पुढे युनिटची प्रत्यक्ष पाहणी झाली की ती कर्जात वळती होते. अनुदान हातात कधीच येत नाही. कुणाच्याच हातात येत नाही. हे मला माहीत होतं, वहीत लिहिलेलं होतं.

तो क्षणभरही अडखळला नाही. "ताई, तो जुना नियम. महिलांसाठी नवीन जीआर निघालाय." आणि लगेच एक पीडीएफ आला, शासन निर्णयासारखाच दिसणारा. सरकार नियम बदलतंच की! २०२२ मध्ये याच योजनेची मर्यादा उत्पादनासाठी २५ लाखांवरून ५० लाख आणि सेवेसाठी १० वरून २० लाख केली, हेही त्याने मला सांगितलं होतं आणि ते खरं होतं. नव्याण्णव गोष्टी खऱ्या सांगणाऱ्याच्या शंभराव्या गोष्टीवर संशय घ्यायला मोठं धैर्य लागतं, जे दोनदा बँकेतून हाकलून दिलेल्या बाईकडे उरत नाही. तरीही तिथे फोन ठेवायला हवा होता. केंद्राची योजना, तिला राज्याचा जीआर कशाला लागेल, एवढं जरी डोक्यात आलं असतं तरी २५,२०० वाचले असते.

ते पैसे कशाचे, तर सबसिडीवर अठरा टक्के जीएसटी, ५०,४०० रुपये. "अर्धे आता, अर्धे जमा झाल्यावर." मी अर्धे भरले. अनुदान मिळवण्यासाठी लाभार्थ्याने आधी जीएसटी भरायचा असा प्रकार कुठेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी "उरलेले आजच भरा, नाहीतर फाइल लॅप्स" असा मेसेज आला. घाई त्याने पहिल्यांदाच केली होती. मी पत्र घेऊन बँकेत गेले. "मॅडम, असं पत्र आमच्याकडून जातच नाही," एवढं म्हणून तिथला कारकून परत स्क्रीनकडे वळला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लागायला वेळ लागला, पण तक्रार घेतली आणि नंबर दिला, एवढं श्रेय देते. उशीर करू नका, बँकेशी वाद घालत बसू नका, आधी १९३० लावा, कारण पैसे काढून घेतले जाण्याआधी गोठवले तरच वाचतात. माझे ६,३४० रुपये एका खात्यात अडकवले आहेत. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा, असं सांगितलंय.

बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकला. मान्य आहे. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना संरक्षण देतो, माझा त्यात बसत नाही. पण ज्या ट्रेडर्सच्या चालू खात्यात पैसे गेले, ते खातंही कुठल्या तरी बँकेनेच उघडलंय ना? त्याची केवायसी कुणी केली, जागेवर जाऊन दुकान कुणी पाहिलं? मला खातं काढताना लाइट बिल, रेशनकार्ड, दोन फोटो, सगळं लागलं. चोराला काय लागलं? याचं उत्तर कुणी देत नाही. ज्याला विचारावं तो पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

पोलिस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. ठाण्यात पुन्हा गेले तर "कर्जाचा मामला, दिवाणी आहे" म्हणाले, आणि वर सगळ्यांदेखत, "शिकलेल्या दिसता, तरी कसं काय?" साधा अर्ज घेऊन पोच दिली. ठाण्याची हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायलाच लागते, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतलाच नाही तर पोलिस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. फसवणूक हा न्याय संहितेतल्या कलम ३१८ चा गुन्हा आहे, शिवाय आयटी कायद्याचं कलम ६६ड आहे. हे मला एका वकीलताईंनी सांगितलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. आता अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवलंय.

जिल्ह्याच्या ज्या कार्यालयात या योजनेचं काम चालतं तिथल्या बाई म्हणाल्या, "आमचे एजंट नसतात, बोर्ड लावलाय की." बोर्ड आहे. इंग्रजीत आहे, जिन्याखाली आहे. शिबिरात दोन तास भाषणं झाली, हारतुरे झाले, पण 'या योजनेचा अर्ज मोफत आहे आणि फोनवर कुणीही पैसे मागणार नाही' हे एक वाक्य स्टेजवरून कुणी बोललं नाही. अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते माणसासारखं कुणी सांगितलं असतं तर मला त्या हरामखोराची गरजच पडली नसती. ही टोळी चालते ती तुमच्या गप्प बसण्यावर, साहेब!

मुद्रा कर्जात सबसिडी मिळवून देतो म्हणणारा तिथेच खोटा धरा, मुद्रात अनुदान नसतंच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पस्तीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान आहे, आणि तिथे अर्ज भरायला मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्ती असते. तिचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नाही. पत्र आलं की त्यावरच्या नंबरवर फोन करू नका, शाखेत जाऊन विचारा. पैसे पाठवताना स्क्रीनवर दिसणारं नाव मोठ्याने वाचा, घरच्या कुणाला तरी ऐकवा. आणि चॅट रागाने डिलीट करू नका, मी निम्मं केलं होतं, तक्रारीच्या वेळी त्याचाच त्रास झाला.

ती वेबसाइट अजून चालू आहे, शोधात अजून वरच आहे. तिचा पत्ता मी तक्रारीत दिलाय. आमच्या गटातल्या दोघींनी गेल्या महिन्यात तिच्यावरच २,९९९ भरले होते, हे मला काल बैठकीत कळलं. एकीला 'खादी आयोगाचा' फोन येऊन गेलाय आणि तिचा प्रोजेक्ट रिपोर्ट 'तयार होतोय'. उद्या तिला घेऊन मी बँकेत जाणार आहे.