देखण्या रॅकच्या आत दडलेली फसवणूक

भोसरी औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याच्या नव्या इमारतीत नेटवर्क बसवण्याचे काम आम्ही पुण्यातल्याच एका कंत्राटदाराकडे सोपवले होते. त्याने आम्हाला कसे फसवले, हे इतर लहान कारखान्यांना, शाळांना आणि गृहनिर्माण संस्थांना कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

त्याच्या कोटेशनमध्ये रॅक ड्रेसिंगसाठी, म्हणजे नेटवर्कची उपकरणे ठेवायच्या कपाटातील केबल नीट रचून बांधण्यासाठी, दर पॉइंटमागे (प्रत्येक केबलजोडणीमागे) वेगळा आकार होता आणि काम पाहिल्यावर तो आकार कोणालाही रास्तच वाटला असता. ४२ यू (सुमारे दोन मीटर) उंचीचा रॅक उघडला की केबलची टोके जोडायच्या प्रत्येक पट्टीखाली (पॅच पॅनेलखाली) केबल ओळीत धरणारा केबल मॅनेजर, विंचरून वेणी घालावी तशा खाली उतरणाऱ्या निळ्या केबल आणि एका ओळीत चिकटवलेली लेबले दिसत. काम ताब्यात देताना त्याने छोटा टेस्टर लावून प्रत्येक पॉइंटवर आठही दिवे लागतात हे दाखवले आणि त्याच आधारावर बहुतेक रक्कम घेतली.

पुढे रात्रीच्या वेळी काही कॅमेरे आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. दिवसा तेच कॅमेरे नीट चालत, त्यामुळे कंत्राटदार दोष कॅमेऱ्यांना देत राहिला. अखेर बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञाने मागच्या बाजूचे एक बंडल सोडवले. त्यातील बाहेरच्या, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या केबल अस्सल तांब्याच्या होत्या. आतल्या केबलची तार ब्लेडने खरवडताच तांबूस थराखाली पांढरे अ‍ॅल्युमिनियम दिसले. हा माल बाजारात सीसीए (कॉपर क्लॅड अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे तांब्याचा थर चढवलेले अ‍ॅल्युमिनियम) म्हणून ओळखला जातो. कॅट-६ या प्रकारच्या नेटवर्क केबलच्या मानकांना पूर्ण तांब्याची तार अपेक्षित असते, आणि आमच्या बिलातही तसेच स्पष्ट लिहिलेले होते.

अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. आमच्या कॅमेऱ्यांना वीजही त्याच केबलमधून, पीओई पद्धतीने मिळते. अंधार पडल्यावर त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागून विजेची गरज वाढली की लांबच्या केबलमध्ये व्होल्टेज इतके उतरे की कॅमेरा तग धरत नसे. शिवाय बंडलच्या मध्यभागी असलेल्या केबलची उष्णता सहज बाहेर पडत नाही, आणि नेमक्या तिथेच ही हलकी केबल कोंबलेली होती. आठ दिव्यांचा टेस्टर फक्त तार सलग आहे की नाही आणि जोडणीचा क्रम बरोबर आहे की नाही, एवढेच सांगतो. ती तार कोणत्या धातूची आहे, हे त्याला कळत नाही.

मला सर्वांत जास्त चीड आली ती बांधणीची. चांगला कारागीर वेल्क्रोच्या पट्ट्या सैलसर बांधतो, केबलच्या व्यासाच्या निदान चौपट त्रिज्येचे वळण ठेवतो आणि पुढे दुरुस्तीला उपयोगी पडावी म्हणून थोडी जादा लांबी राखतो. इथे नायलॉनचे टाय इतके आवळले होते की आवरणावर खाचा पडल्या होत्या, आणि जादा लांबी जराही ठेवलेली नव्हती; त्यामुळे एकही केबल ओढून पाहता येत नव्हती. ज्या नीटनेटकेपणाचे आम्ही पैसे मोजले, त्याचाच वापर खोटा माल झाकण्यासाठी झाला होता.

केबलच्या आवरणावर ठरावीक अंतराने लांबीचे आकडे छापलेले असतात. दोन्ही टोकांच्या आकड्यांची वजाबाकी केली तेव्हा बिलात लावलेली लांबीही बरीच फुगवलेली निघाली. म्हणून बंडल बांधण्यापूर्वीच हे आकडे उतरवून घ्यावेत, कोणत्याही बंडलमधली आपण निवडलेली केबल सोलून दाखवायला सांगावी आणि प्रत्येक लिंकचा (केबलजोडणीचा) सर्टिफिकेशन टेस्टरवरचा, म्हणजे जोडणी मानकात बसते का हे मोजणाऱ्या यंत्रावरचा अहवाल, रोधाच्या मोजमापासह, हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. ही अट कोटेशन स्वीकारतानाच लेखी घातलेली असावी.

जाब विचारल्यावर कंत्राटदाराने, बंडल सोडून काम तुम्हीच बिघडवले, असे उत्तर दिले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक हेतूने घेतलेल्या सेवा सामान्यतः ग्राहकाच्या व्याख्येबाहेर राहतात, म्हणून आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची लेखी तक्रार दिली आहे. बिल, बंडल सोडतानाची छायाचित्रे आणि कापलेल्या केबलचे तुकडे त्यासोबत जोडले आहेत. उरलेली रक्कम आम्ही रोखून ठेवली आहे आणि आतल्या केबल बदलण्याचे काम सध्या सुरू आहे.