आयटीआय की थेट अप्रेंटिसशिप?

डिचोलीच्या मावसबहिणीचा मुलगा बारावीत नापास झाला, तेव्हापासून वर्षभर घरीच. सकाळी अकराला उठायचं, चहाचा कप तसाच ठेवून मोबाईल. तिने विचारलं, "दादा, याला आयटीआयला घालू की कंपनीत काम करत शिकायला, अप्रेंटिस म्हणून लावू?"

पैशाचं पाहिलं तर अप्रेंटिसशिप वरचढ. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे दरमहा विद्यावेतन द्यावंच लागतं, आणि पहिली कमाई हातात आली की अशी पोरं आपणहून लवकर उठतात. सरकारी आयटीआयची फी किरकोळ. पण इलेक्ट्रिशियनची २ वर्षं खिसा रिकामाच.

शिकणं मात्र आयटीआयमध्ये पक्कं. वायरिंग चुकलं तर मास्तर पुन्हा करायला लावतात. अप्रेंटिसचं नशीब सुपरवायझरवर. मी अप्रेंटिस असताना सहा महिने झेरॉक्सच काढल्या! करारात ट्रेड, म्हणजे शिकायचं काम, कोणता लिहिलाय, ते वाचूनच सही करावी.

दाखला आयटीआयचा जास्त चालतो, शिवाय तो घेऊन पुढे अप्रेंटिसशिप करता येतेच.

घरी पैशाची नड असेल, किंवा वर्ग म्हटलं की अंगावर काटा येत असेल, तर अप्रेंटिसशिप. हातात पाना-पक्कड रमत असेल आणि २ वर्षं घर निभावणार असेल, तर आयटीआय. आमच्या भाच्याने घरचा पंखा स्वतः दुरुस्त केलाय. त्याला मी आयटीआयच सांगितलं.