जड पाणी की टाके?

पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये चहाबरोबर हा वाद हमखास निघतो: दोन प्रथिनं एकमेकांना कुठे चिकटतात हे मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) बघायचं, तर पद्धत कुठली?

पहिली, हायड्रोजन-ड्युटेरियम अदलाबदल. प्रथिन जड पाण्यात सोडलं की साखळीवरच्या अमाइड हायड्रोजनच्या (नायट्रोजनला जोडलेल्या) जागी ड्युटेरियम, म्हणजे जड पाण्यातला जड हायड्रोजन, येतो. दर जागी वजन साधारण १ डाल्टनने, म्हणजे जवळपास एका हायड्रोजन अणूच्या वजनाएवढं, वाढतं. जोडीदाराने झाकलेला भाग मात्र सावकाश भरतो. मग अदलाबदल थोपवायला सामू २.५, तापमान ० अंश, आणि प्रथिनाचे तुकडे करायला पेप्सिन हे विकर. इथे हात चपळ हवा. बर्फातून नळी काढून इंजेक्ट करेपर्यंत रेंगाळलात, तर ड्युटेरियम निसटून हायड्रोजन परत येतो. मे महिन्यात तर विचारूच नका. शिवाय भाग खरंच झाकलाय की आकार बदलून आवळलाय, हे एवढ्यावरून कळत नाही.

दुसरी, क्रॉसलिंकिंग, निवांत. बीएसथ्रीसारखं रसायन जवळच्या दोन लायसिनना (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) टाका घालतं. मधला दोरा ११.४ अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). टाका पक्का, त्यामुळे घाई नाही. पण टाक्याने जोडलेले प्रथिनाचे तुकडे विरळ, शोधताना सॉफ्टवेअरला घाम फुटतो, आणि लायसिन नसेल तिथे शुकशुकाट.

औषधाचा रेणू बसल्यावर प्रथिन कसं हलतं हे बघायचं तर मी जड पाणीच घेईन. अनेक प्रथिनांच्या मोठ्या संकुलात कोण कोणाशेजारी, एवढंच हवं तर टाके.