वाळवलेली कोथिंबीर: उन्हाळा ते दिवाळी, वापरानंतरचा अनुभव

ऐन एप्रिलमध्ये लातूरच्या मंडईत कोथिंबिरीची पेंडी ४० रुपयांवर गेली आणि त्यातही निम्मा पाला पिवळा निघू लागला, तेव्हा ५० ग्रॅम वाळवलेल्या कोथिंबिरीचे पाकीट १२० रुपयांना ऑनलाइन मागवले. भाव ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतील. परंतु ताज्या पाल्यात शंभरातले सुमारे ९२ भाग पाणीच असल्यामुळे ५० ग्रॅम सुक्या पाल्यासाठी जवळपास ६०० ग्रॅम निवडलेली कोथिंबीर लागते. पैशाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वासाबद्दल.

वरणावर किंवा सुशिल्यावर ही कोथिंबीर भुरभुरली की हिरवे ठिपके दिसतात, एवढेच. चिमूटभर पाला तळहातावर चोळून पाहिला, तर कडब्यासारखा वास आला. ताज्या पानांचा वास ज्या अल्डिहाइड द्रव्यांमुळे येतो, ती सहज उडून जाणारी असल्याने वाळवताना पाण्याबरोबर निघून जातात. हिरवेपणा मात्र मागे राहतो. विक्रेत्याला हे सविस्तर कळवले, तेव्हा "रंग हिरवा आहे म्हणजे माल ताजा आहे, उघडलेले पाकीट परत घेतले जात नाही" असे उत्तर आले. ज्या जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या माणसाला रंग दाखवून वासाची समजूत घालणे जरा धाडसाचेच म्हणायचे. एका वर्गाला मात्र हे पाकीट निःसंकोच सुचवता येईल: ज्यांना कोथिंबिरीला साबणाचा वास येतो त्यांना. (गंध ओळखणाऱ्या एका जनुकाशी याचा संबंध असल्याचे २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवले आहे.)

पावसाळा लागल्यावर मत थोडे बदलले, आणि त्याचे श्रेय धपाट्यांना द्यावे लागेल. ताजी कोथिंबीर मीठ लागताच पाणी सोडते आणि पीठ सैल होऊन धपाटे थापताना फाटते. ही उलट पाणी शोषून घेते. लसूण, तीळ, ओवा आणि हिरवी मिरची पिठात असताना कोथिंबिरीचा वास कोणी शोधतही नाही. निवडणे, धुणे, चिरणे वाचते, ते वेगळेच. येसराच्या आमटीत मात्र तिचा काहीही उपयोग नाही. तिथे धनेच हवेत, कारण त्यांचा वास बियांच्या आत असतो आणि भाजून कुटल्यावर मोकळा होतो.

आता आरोग्याविषयी. पाकिटावर "शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर टाकते" असे ठळक छापले आहे, ज्याला माणसांवरील अभ्यासांचा भक्कम आधार नाही. क जीवनसत्त्वाचा दावाही असाच आहे. १०० ग्रॅम ताज्या कोथिंबिरीत ते साधारण २७ मिलिग्रॅम असते, वाळवताना त्यातले बरेच नष्ट होते, आणि आमटीवर आपण टाकतो चिमूटभर.

जे छापायला हवे होते, ते कुठेच नाही. कोथिंबिरीत के जीवनसत्त्व भरपूर असते, १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ३१० मायक्रोग्रॅम, आणि पाणी आटल्यामुळे सुक्या पाल्यात ते आणखी दाट होते. यकृत याच जीवनसत्त्वाच्या जोरावर रक्त गोठवणारी प्रथिने तयार करते, आणि वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉलसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या नेमके तेच काम रोखतात. माझे सासरे अशी गोळी घेतात. पालेभाजी बंद करू नका, पण रोजचे प्रमाण सारखे ठेवा, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले आहे. कारण एखाद्या आठवड्यात एकदम मूठमूठ पाला पोटात गेला, तर गोळीचा परिणाम कमी होऊन आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे दाखवणारा तपासणीतला आकडा) खाली येऊ शकतो. रोजच्या चिमटीने हे घडणार नाही. तथापि पाकिटामागे "दररोज दोन मोठे चमचे कोमट पाण्यात घ्या" असा सल्ला आहे, आणि तो वाचून सासऱ्यांनी चमचा हातात घेतलाच होता.

पाचपैकी दोन तारे देतो, तेही धपाट्यांच्या खात्यावर. पेंडी २० रुपयांच्या आत मिळत असेल, तर या पाकिटाच्या वाटेला जाऊ नये.