खिशात राहणारी जपमाळ: साखळीची, काचेची की दोऱ्याची?

वांद्र्याला माउंट मेरी चर्चच्या आसपासच्या दुकानांत, किंवा 8 सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मोत्सवानंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या जत्रेत, कॅथलिकांची जपमाळ (रोझरी) घेणाऱ्याची नजर आधी मण्यांच्या चकाकीवर जाते. तशी माळ घरी अल्तारावर (प्रार्थनेच्या वेदीवर) टांगली जाते आणि तिथेच राहते. जपमाळेची गरज असते ती लोकलमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, भात शिजेपर्यंतच्या वेळात. तेव्हा परीक्षा एकच: रोज हातात राहून कोणती टिकते?

पूर्ण माळेत 59 मणी असतात. ‘नमो मरिया’चे 53 आणि प्रभूच्या प्रार्थनेचे 6, शिवाय क्रूस आणि मधले पदक. दुकानातच पाचही दशके, म्हणजे ‘नमो मरिया’च्या दहा-दहा मण्यांचे गट, मोजा; घाईत ओवलेल्या माळेत एखादा मणी कमी निघू शकतो. मग डोळे मिटून बोटे फिरवा. दशक संपून प्रभूच्या प्रार्थनेचा मोठा मणी आला हे स्पर्शाने कळले पाहिजे. दोन्ही मणी एकाच मापाचे असतील तर निदान मध्ये मोकळी साखळी हवी. नाहीतर लक्ष रहस्यावर, म्हणजे त्या दशकाबरोबर मनात आणायच्या येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगावर, राहण्याऐवजी मोजण्यात अडकते, आणि रहस्य निसटले की मागे नुसती पुटपुट उरते.

कारण दिवसाला वळण लावतात ती रहस्येच. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली. त्यांतले दुसरे काना गावच्या लग्नाचे. द्राक्षारस संपल्याचे मरियेच्या लक्षात येते आणि ती ते येशूला सांगते. दर गुरुवारी हे मनात घोळवणाऱ्याला शेजारच्या घरातली चणचण न सांगता दिसू लागते. दुःखाच्या चौथ्या रहस्यात कुरेनेचा शिमोन येतो. वाटेने जाणारा माणूस, सैनिकांनी धरून त्याच्या खांद्यावर येशूचा क्रूस दिला. ऐन सुट्टीच्या वेळी दुसऱ्याचे काम अंगावर पडले की हा शिमोन आठवावा. चीड लगेच जात नाही, पण त्या कामाकडे पाहण्याची नजर बदलते. श्रद्धा रोजच्या जगण्यात उतरते ती अशी, थोडी थोडी आणि पुन्हा पुन्हा.

आता प्रकार. धातूच्या साखळीची माळ देखणी खरी, पण तिची कडी बहुधा डाक न दिलेली (टोके वितळवून न जोडलेली) असते. ती उघडते पदकापाशी, कारण तिथे तीन बाजूंचा ताण एकत्र येतो आणि खिशातून माळ ओढताना सगळा झटका तिथेच बसतो. नोजप्लायरने कडीची टोके बाजूला पिळून जुळवा. समोरासमोर फाकवलीत तर कडीचा आकार बिघडून ती पुन्हा उघडते. स्वस्त मुलामा घामाने काळवंडतो. काचेचे मणी बोटांतून छान सरकतात, पण फरशीवर पडले की कपचे उडतात. ती माळ घरीच बरी.

रोजसाठी नायलॉनच्या दोऱ्यात गाठी मारून बसवलेली लाकडी माळ घ्यावी. ती वाजत नाही, अडकत नाही, आणि शेवटचे टोक ज्योतीवर वितळवून बंद केले की गाठ सुटत नाही. सुती दोरा घामाने कुजतो, तो टाळा. लाकूड रंगवलेले असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने पुसून पाहा. रंग उतरला तर पावसाळ्यात खिसा रंगेल. खिशासाठी 6 मिलिमीटरचे मणी पुरतात. बोटे आखडलेल्या वडीलधाऱ्यांना 8 चे द्या.

गर्दीच्या लोकलमध्ये दहा उंचवटे आणि क्रूस असलेली अंगठी सोयीची. एका हाताने दांडी धरून दुसऱ्याने ती फिरवता येते. कितवे दशक चालू आहे ते मात्र मनातच धरावे लागते, म्हणून नवशिक्याला ती देऊ नये.

पाच दशकांना साधारण वीस मिनिटे लागतात. सलग वेळ नसेल तर दिवसभरात वाटून म्हणा. नवी माळ धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घ्या. दुरुस्त न होणारी जुनी कचऱ्यात न टाकता पुरावी किंवा जाळावी.