लांबचा झूम की ५०० मिमीचा प्राइम? प्राण्या-पक्ष्यांच्या फोटोसाठी काय घ्यावं

कॅमेऱ्यासोबत आलेला छोटा झूम अपुरा पडायला लागला, टिटवी फ्रेममध्ये वाटाण्याएवढी दिसायला लागली, की लांबची लेन्स घ्यायचं ठरतं आणि घोळ सुरू होतो. एका बाजूला १५०-६०० किंवा २००-६०० मिमी अशा पल्ल्याचे झूम. हा मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंथ, तो जितका मोठा तितकं दूरचं मोठं दिसतं. दुसऱ्या बाजूला ५०० मिमी एफ/५.६ सारखा हलका प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंथची, झूम न होणारी लेन्स. एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. ६०० मिमी एफ/४ सारख्या मोठ्या तोफा मी इथे धरलेल्या नाहीत. त्या घेणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो.

मी चार वर्षं झूम वापरला आणि गेली पाच वर्षं प्राइम वापरतोय. दोन्हींवर मनापासून आवडलेले फोटो मिळाले, त्यामुळे एकाला वाईट म्हणायला माझं मन धजत नाही. तरी आज पुन्हा निवडायचं झालं तर काय घेईन ते मला ठाऊक आहे. तुमचं उत्तर कदाचित वेगळं येईल, म्हणून माझं कशामुळे ठरलं ते सांगतो.

शार्पनेसवर फार वेळ घालवत नाही. चांगला प्राइम पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरलाच खात्रीने वापरता येतो, म्हणजे लेन्सचं प्रकाशाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून. माझा झूम शेवटच्या टोकाला जरा मऊ पडायचा, मग मी छिद्र बारीक करून एफ/८ वर जायचो आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तेवढा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ती वाढली की फोटोत दाणे येतात) वाढायचा. फरक होता, पण निर्णय त्यावर झाला नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरायला लागली की दोन्ही लेन्सचे फोटो सारखेच बिघडतात.

सहाशेचा मोह मात्र नीट तपासून पाहावा. ६०० ला या झूमचं अ‍ॅपर्चर बहुधा एफ/६.३ असतं. ६०० भागिले ६.३ म्हणजे साधारण ९५ मिमी. ५०० भागिले ५.६ म्हणजे ८९ मिमी. लेन्सची प्रकाश आत घेणारी खिडकी एवढ्या व्यासाची. दूरच्या लहान पक्ष्याकडून किती प्रकाश गोळा होणार ते या व्यासावर ठरतं, आणि त्यात दोघं जवळपास बरोबरीत आहेत. ५०० चा फोटो ६०० एवढा दिसावा म्हणून क्रॉप केला, म्हणजे कडा कापल्या, तर सुमारे ६९ टक्के पिक्सेल उरतात. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर ३१ उरले, काही बिघडत नाही. २४ चा असेल तर जेमतेम १७ उरतात, आणि तिथे सहाशेवाल्याचं म्हणणं मला पटतं.

वजनाचा फरक कागदावर वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. असे झूम बहुतेक दोन किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतात, काही तर पावणेतीन किलोच्या वर जातात. निकॉनची २०१८ मध्ये आलेली ५०० मिमी एफ/५.६ लेन्स १,४६० ग्रॅमची आहे. त्याच कंपनीचा २००-५०० चा झूम २,३०० ग्रॅमचा. ५०० च्या प्राइमचं हे हलकेपण फ्रेनेल भिंगाचं. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी जाडजूड काचेऐवजी कड्याकड्यांचं पातळ भिंग बनवलं. कॅमेऱ्यातलं भिंग दिसायला त्याच कुळातलं, पण ते प्रकाशाच्या विवर्तनावर, म्हणजे बारीक कड्यांपाशी प्रकाश वळण्यावर, चालतं. साध्या भिंगातून गेल्यावर रंग जसे फाकतात त्याच्या उलट दिशेने ते रंग फाकवतं. दोन्ही दोष एकमेकांना खोडतात, म्हणून कमी आणि हलक्या काचांत काम भागतं. कॅननने २००१ मध्ये ४०० मिमी एफ/४ मध्ये हे तंत्र आणलं. निकॉनची २०२३ ची ६०० मिमी एफ/६.३ लेन्सही याच जातीची, दीड किलोच्या आतली. या भिंगाची एक खोड आधीच माहीत असलेली बरी. सूर्य किंवा चमचमतं पाणी थेट फ्रेममध्ये आलं तर प्रखर ठिपक्यांभोवती रंगीत कडी उमटू शकतात. उलट्या उजेडातले फोटो हाच तुमचा जीव असेल तर हे मनात धरा.

खांद्यावर दोन तास ओझं वागवल्यावर घार डोक्यावरून गेली, तर दीड किलो उचलायला मी विचार करत नाही. सव्वादोन किलो उचलताना मनात क्षणभर हिशेब व्हायचा, आणि तेवढ्यात घार पुढे गेलेली असायची.

पण वजनासाठीही मी लेन्स बदलली नसती. मी बदललो तो एका लॉकमुळे.

झूमच्या दोन जाती असतात. एकीत नळी आतल्या आत राहते, लेन्सची लांबी बदलत नाही. दुसरीत झूम करताना नळी बाहेर येते. माझा झूम दुसऱ्या जातीचा होता. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण ही खोड थोड्याफार फरकाने त्या जातीच्या बऱ्याच झूममध्ये पाहिली आहे. लेन्स खाली तोंड करून खांद्याला लटकवून चालायला लागलं की पुढचं जड भिंग हळूहळू घसरतं आणि नळी आपोआप लांब होते. माझ्या लेन्सला पहिलं वर्षभर हे झालं नाही, मग व्हायला लागलं. त्यासाठी बाजूला लॉकचं बटण असतं. चालताना लॉक लावायचा, बसल्यावर काढायचा. ऐकायला किती सोपं.

एका पहाटे पाणथळीच्या काठाने अंधारातच चालत गेलो आणि लव्हाळ्यांच्या आडोशाला बसलो. उजेड फुटत होता. शेकाट्यांची एक जोडी उथळ पाण्यात चरत होती, मी त्यांच्याकडे बघत होतो. तेवढ्यात डावीकडून कोल्हा बाहेर आला, तोंडात उंदीर धरलेला. तो थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि रिंग फिरवली, तर ती फिरेना. लॉक लागलेला होता, लेन्स १५० वर. बोटं बटण शोधायला गेली, कोपर हलला, कोल्ह्याचे कान ताठ झाले. बटण सुटलं, पण १५० वरून ६०० पर्यंतचा वळसा मनगटाच्या एका फिरकीत पूर्ण होत नाही. अर्ध्यावर हात सोडून पुन्हा धरावा लागतो. दुसऱ्यांदा हात घालेपर्यंत तो लव्हाळ्यात शिरला. माझ्याकडे तीनशेच्या आसपास काढलेला एकच फोटो उरला, त्यात शेपूट आणि हललेलं गवत.

कोल्हा निघून गेल्याचं दुःख होतंच. त्याहून जास्त लागलं ते हे की तो माझ्या हालचालीमुळे दचकला. मी गप्प बसून असतो तर तो तिथेच उंदीर खात बसला असता, असं मला आजही वाटतं.

एवढं होऊनही मी लगेच लेन्स बदलली नाही. आधी लॉक न लावता फिरायला लागलो. नळी घसरून लांब झाली आणि लेन्सच्या तोंडावरचं हूड दगडावर आपटलं. मग रिंगवर रुंद रबर चढवून पाहिलं. घसरणं थांबलं, पण रिंग इतकी जड झाली की फिरवताना फ्रेम हलायची. शेवटी ६०० वरच लॉक लावायची सवय केली. सगळ्या झूममध्ये ही सोय नसते, काहींचा लॉक फक्त सर्वांत आखूड लांबीला लागतो. माझ्यात ती होती. काही महिने तसाच फिरलो आणि एके दिवशी लक्षात आलं की आपण झूम वापरतच नाही आहोत. हातात सव्वादोन किलोचा ६०० चा प्राइम आहे, आणि तोही त्या लेन्सच्या सर्वांत कमजोर टोकाला अडकवलेला.

त्या रात्री जुने फोटो उघडले. लाइटरूममध्ये फोकल लेंथप्रमाणे फोटो गाळता येतात, तुमच्याकडे असलेल्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय बहुधा असेल. ठेवून दिलेल्या फोटोंपैकी दहातले नऊ तरी ५०० च्या पुढचे निघाले. मधल्या लांबीचे जे होते त्यातले बरेच त्या कोल्ह्यासारखे, पोहोचता पोहोचता राहिलेले. काही घेण्याआधी तुम्हीही हे एवढं करून बघाच. इथल्या कोणत्याही मतापेक्षा तुमचं उत्तर त्यात आहे. तुमचे फोटो २०० पासून ६०० पर्यंत सगळीकडे पसरलेले निघाले तर पुढचं वाचायची गरजही नाही, झूम घ्या.

झूम कुठे जिंकतो तेही सांगायला हवं, कारण प्राइम घेतल्यावर मी पस्तावलो असे दिवसही आहेत. हत्तींचा कळप गाडीसमोरून रस्ता ओलांडत होता आणि माझ्या फ्रेममध्ये एक डोळा आणि कानाची कड एवढंच मावत होतं. एकदा ढोकरी माझ्यापासून दोन-अडीच मीटरवर येऊन उतरली. लेन्स तीन मीटरच्या आत फोकस करत नाही, मी नुसता बघत राहिलो. फुलपाखरं, सरडे, चतुर यांच्यासाठी दोन-सव्वादोन मीटरवर फोकस करणारे झूम निश्चित सोयीचे. बोटीतून फोटो काढणाऱ्याला तर मी डोळे मिटून झूमच सुचवेन. तिथे पाय हलवता येत नाहीत आणि अंतर दर क्षणाला बदलत असतं. आणि नवशिक्याची एक खरी अडचण आहे. ५०० मधून दिसणारा पट्टा जेमतेम चार अंशांचा असतो, त्यात उडता पक्षी सापडतच नाही. झूममध्ये २०० वर पक्षी पकडून आत जाता येतं. प्राइमवर मला सहा-सात आठवडे घारींवर सराव करावा लागला. नजर पक्ष्यावरून न काढता कॅमेरा नजरेच्या रेषेत आणायचा, एवढंच ते तंत्र, पण अंगवळणी पडायला वेळ घेतं.

ते जमल्यावर मात्र मला अपेक्षा नसलेली एक गोष्ट घडली. एकच फोकल लेंथ रोज वापरली की डोळ्याला चौकट पाठ होते. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५०० मिमी असेल तर २० मीटरवर आडव्या फ्रेममध्ये साधारण १.४४ मीटर रुंदी आणि ९६ सेंटिमीटर उंची मावते. १० मीटरवर याच्या निम्मी. आता कॅमेरा न उचलताच कळतं की राखी बगळ्याने मान ताणली तर तो आडव्या फ्रेममध्ये मावणार नाही, कॅमेरा उभा धरावा लागेल. त्यामुळे बसायची जागा मी आधीच ठरवतो. पक्षी कुठे उतरतो, उजेड कुठून येणार, मागे काय दिसणार हे पाहून तिथे जाऊन बसतो आणि मग हलत नाही. झूम हातात असताना मी जागेकडे एवढं लक्ष देत नव्हतो, कारण रिंग फिरवून भागेल असं वाटायचं. याचा प्राण्यांनाही फायदा होतो असं माझं मत आहे. टिटवी ओरडायला लागली, हरणाने चरणं थांबवून मान ताठ केली, की आपण फार जवळ आलो. पहाटेआधी येऊन एका जागी बसणाऱ्याच्या बाबतीत हे कमी घडतं. घरट्यांच्या जवळ मी यातली कोणतीच लेन्स घेऊन जात नाही, तो विषयच वेगळा.

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावून पल्ला वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरच्या भरवशावर कोणतीच निवड करू नका. १.४ चा लावला की एक स्टॉप जातो, म्हणजे प्रकाश निम्मा होतो. ५०० चा ७०० एफ/८ होतो, झूम ६०० ला असेल तर एफ/९ वर जातो. लख्ख उन्हात चालतं, पहाटे मी तो बॅगेतून काढत नाही.

तर तुम्ही मुख्यतः पक्षी आणि लाजरी जनावरं टिपत असाल, चालत फिरत असाल आणि दुसऱ्या बॉडीवर १००-४०० सारखी आखूड लेन्स ठेवणं शक्य असेल, तर प्राइम घ्यावा असं मला वाटतं. पहिलीच लांब लेन्स असेल, किंवा गाडी-बोटीतून काढायचं प्रमाण जास्त असेल, तर झूम घेऊन चूक होणार नाही. मात्र तुमच्या माउंटमध्ये (कॅमेऱ्याला लेन्स जोडायच्या खाचेच्या प्रकारात) मिळत असेल तर नळी आत ठेवणाराच बघा. सोनीचा २०१९ चा २००-६०० आणि निकॉनचा २०२३ चा १८०-६०० तसे आहेत. त्यांना घसरायला नळीच नाही आणि रिंगचा वळसाही आखूड आहे. माझ्या वेळी माझ्या माउंटला असा झूम असता तर हा निर्णय मला जास्त अवघड गेला असता. घेण्याआधी कुणाची तरी लेन्स एका पहाटेपुरती मागून घ्या आणि ती खांद्याला खाली तोंड करून तासभर चाला. मग डोळा व्ह्यूफाइंडरला ठेवून, हात न सोडता, एका फिरकीत या टोकाहून त्या टोकाला पोहोचता येतंय का ते बघा.