बोट गुंडाळून दिली, स्क्रू मात्र उघडलाच नाही

मिशिगनमध्ये ऑक्टोबर लागला की तळ्याकाठच्या सगळ्यांची एकच घाई: पाणी गोठायच्या आत बोट बाहेर. आमची बोट जुनी, एकोणीस फुटी. इंजिन आत, मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे पाण्यात उतरणारा, पंखा फिरवणारा गियरचा भाग. हिवाळ्यासाठी ती तयार करून द्यायचे डीलर नऊशे डॉलर सांगत होता, वर महिनाभर नंबर नाही. गॅस स्टेशनवर चिकटवलेल्या कागदावरचा माणूस घरी येऊन इंजिन, ड्राइव्ह, श्रिंकरॅप (वरून घट्ट बसणारं प्लास्टिक) सगळं ६२० मध्ये करणार होता. फोन केला.

तो आला तेव्हा माझी वरच्या खोलीत मीटिंग चालू होती. मध्ये एकदा त्याने मुद्दाम खाली बोलावून एक्झॉस्टमधून पडणारं गुलाबी अँटिफ्रीझ दाखवलं, इंजिनात पाणी गोठू नये म्हणून घालतात ते. पुढच्या खेपेला खाली आलो तर बोट सोललेल्या अंड्यासारखी पांढरी, गुळगुळीत गुंडाळलेली. हातात झिपलॉकची पिशवी दिली, आत झिजलेला रबरी इम्पेलर (इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारं पातीचं चाक), दोन पाती तुटलेली. म्हणाला, हा तुमचा जुना, नवा बसवलाय. गियर ऑइल बदललं, पंखा उतरवून साफ केला. ऑगस्टमध्ये मुलाच्या गळाचा तंगूस पंख्यात गेला होता, ते मी त्याला आधीच सांगितलं होतं. तोही काढला म्हणाला. मी जागेवर झेलने, म्हणजे बँकेतून थेट, पैसे पाठवले.

एक गोष्ट खटकली होती. ड्राइव्ह वर उचललेला होता. हिवाळ्यात तो खाली सोडून ठेवायचा असतो, म्हणजे आतलं उरलंसुरलं पाणी निथळून जातं, हे मी वाचलेलं. विचारलं, तर ट्रेलरवर असंच ठेवतात म्हणाला. मी गप्प बसलो. आमच्या आजोळी, देवगडला, आगोठीच्या तोंडावर होडी वर ओढली की मामा स्वतः उभा राहून एकेक फळी ठोकून बघायचा. आणि त्याचा भाचा मीटिंगमध्ये!

मे महिन्यात प्लास्टिक फाडलं. ड्राइव्हच्या खालच्या भागाला केसाएवढी चीर, त्यातून ओघळ. तळ्यावरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने पंखा उतरवला आणि काही न बोलता बोटाने दाखवलं: शाफ्टभोवती हिरवा तंगूस, घट्ट, बांगडीसारखा. त्या तंगुसानेच ऑइल सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी कडी, कापलं होतं. मग तेल काढायचा खालचा स्क्रू सोडला, तर दुधाळ चहासारखं पाणीमिश्रित तेल. बोट ऑक्टोबरपासून ट्रेलरवर, झाकलेली. तेल खरंच बदललं असतं तर त्यात पाणी येणार कुठून? पाणी तेलापेक्षा जड, तळाशी बसतं. गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि ॲल्युमिनियम तडकतं.

इम्पेलर आमच्या ड्राइव्हच्या आत बसतो, खालचा भाग सोडवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. म्हाताऱ्याने तो काढून पिशवीतल्या तुकड्याशेजारी ठेवला. मधलं भोकसुद्धा जुळत नव्हतं. पिशवीतला कुठल्याशा छोट्या आउटबोर्डचा, म्हणजे बोटीबाहेर टांगायच्या इंजिनाचा होता. एकच झिजका इम्पेलर खोक्यात घेऊन तो कागदवाला किती जणांना दाखवत फिरत असेल कोण जाणे.

म्हणजे नजरेला पडेल तेवढं काम त्याने चोख केलं. इंजिन खरंच शाबूत आहे. न दिसणाऱ्या कामाचे नुसते पैसे घेतले.

जुना पण चांगला लोअर युनिट (ड्राइव्हचा खालचा भाग), सील आणि मजुरी मिळून १,९०० डॉलर गेले. गोठून झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही म्हणून विमावाल्यांनी हात वर केले. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, जायचं तर समोरच्याचं नाव-पत्ता हवा, माझ्याकडे फक्त बंद पडलेला फोन नंबर.

यंदा काम होताना मी शेजारी उभा राहिलो. आधी खालचा स्क्रू, मग वरचा. जे बाहेर पडलं ते पांढऱ्या बादलीत घेऊन बोटांवर चोळून पाहिलं. नवं तेल खालून पंपाने, वरच्या भोकातून येईपर्यंत. दोन्ही वॉशर नवे. पंखा माझ्यासमोर उतरला, नव्या इम्पेलरच्या खोक्यावरचा नंबर ताडून घेतला. प्लास्टिक सगळ्यात शेवटी, आणि पैसे क्रेडिट कार्डाने.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका गॅस स्टेशनवर तसाच कागद दिसला. तोच मजकूर, तेच ६२० डॉलर, नंबर नवा. फोटो काढून ठेवलाय. बोटवाल्या कुणाला हवा असेल तर मागा.